कुठला एम्पनाडा?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सच्या 74व्या रस्त्यावर मराठी माणूस जातो तो पोहे, हिंग आणि तूरडाळ भरायला. त्या दुकानांपासून चार पावलांवर रूझवेल्ट अव्हेन्यू आहे. वर सात नंबरची रेल्वे धडधडत असते आणि खाली लॅटिन अमेरिकेतले पाच-सहा देश एकमेकांना खेटून बसलेले असतात. दर दोन-तीन दुकानांआड खिडकीवर ‘एम्पनाडा’, म्हणजे सारण भरलेला करंजीसारखा पदार्थ, लिहिलेलं दिसतं. एकीकडे तो मक्याच्या पिठाचा, पिवळाजर्द, तळलेला. थोडं पुढे मैद्याचा, भट्टीत भाजलेला. इक्वाडोरवाल्यांकडे कच्च्या केळ्याच्या पारीचा. वुडसाइडच्या फिलिपिनो वस्तीकडे गेलात तर गोडसर पारी आणि सारणात मनुका.

म्हणून “इथे चांगला एम्पनाडा कुठे मिळेल?” या प्रश्नाची उत्तरं हमखास फसतात. विचारणारा अर्जेंटिनाचा आणि सांगणारा कोलंबियाचा असला, तर दोघंही मनापासून बोलतात आणि शेवटी दोघंही एकमेकांना वेड्यात काढतात. प्रश्नाचा अर्धा भाग विचारायचा राहिलेला असतो. कुठला एम्पनाडा? देश कुठला, प्रांत कुठला, कधी कधी गावसुद्धा. तेवढं ठरलं की पुढचं शोधणं बरंच सोपं होतं, कारण प्रत्येक प्रकाराची स्वतःची वेळ, स्वतःचं दुकान आणि ओळखायच्या स्वतःच्या खुणा आहेत.

रचना आपल्या ओळखीची आहे. मुरडीचे कानवले होतात त्या घरात एम्पनाडा समजावायला मिनिटभरही लागणार नाही: पारी, सारण, अर्धगोल घडी आणि कडेला बोटांनी घातलेली मुरड. या मुरडीला तिकडे रेपुल्गे म्हणतात. पण कानवल्याचं सारण कोरडं असतं आणि एम्पनाड्याची, निदान अर्जेंटिना-बोलिव्हियाकडच्या एम्पनाड्याची, सगळी प्रतिष्ठा त्याच्या रसात असते. पारी ओली होऊ न देता तो रस आत कोंडून ठेवायचा, ही त्यातली खरी कारागिरी.

मूळ घर स्पेन. तिथल्या वायव्य टोकाच्या गालिसिया प्रांतात एम्पनाडा अर्धगोल नसतोच. तो परातीएवढा, खाली एक पोळी, वर एक पोळी, मधे कांदा आणि ढोबळी मिरची तेलात मंद परतून केलेला मसाला आणि त्यात ट्यूना, तारली, मनुका घातलेला कॉड मासा किंवा डुकराचं मांस. कापून तुकडे वाढतात. सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या प्रार्थनामंदिराचं शिल्पांनी भरलेलं प्रवेशद्वार मास्टर मातेओने बाराव्या शतकात घडवलं. नरकात पडलेल्यांच्या तिथल्या रांगेत एक खादाड एम्पनाडा खातोय, असं गालिसियाचे लोक मोठ्या कौतुकाने दाखवतात. पदार्थ नरकात का होईना, पण दगडात कोरला गेला याचा त्यांना आनंद. समुद्रापलीकडे जाऊन परातीचा एम्पनाडा एका माणसाच्या हातात मावेल एवढा झाला, आणि मग प्रत्येक ठिकाणच्या पिठाने त्याला आपल्याकडे ओढलं.

हे पीठच सगळ्यात महत्त्वाचं आहे. लॅटिन अमेरिकेच्या नकाशावर मनातल्या मनात एक रेघ ओढा. दक्षिणेला अर्जेंटिना, चिले, उरुग्वे: इथे गहू भरपूर पिकतो. उत्तरेला कोलंबिया, व्हेनेझुएला: इथे मक्याचं राज्य. गव्हाच्या पिठात ग्लूटेन असतं, म्हणून ते ताणलं जातं, पातळ लाटता येतं, मुरड घेतं आणि भट्टीत आकार सोडत नाही. मक्यात ग्लूटेन नाही. त्याची पारी ताणली की चिरते. म्हणून ती लाटत नाहीत, प्लास्टिकच्या कागदावर थापतात, कागदासकट दुमडतात आणि वाटीच्या कडेने कापून बंद करतात. मुरड घालायचा प्रश्नच येत नाही. आणि अशी पारी भट्टीत नुसती वाळून कडक होते, ती खुलते तेलातच. म्हणजे उत्तरेचा एम्पनाडा तळलेला आणि बिनमुरडीचा का, याचं बरंचसं उत्तर धान्यात आहे. कोलंबियाचा एम्पनाडा बघून “याला मुरड कुठे आहे?” म्हणून नाक मुरडणाऱ्या अर्जेंटिनावाल्याला हे कुणीतरी समजावायला हवं.

आता अर्जेंटिना. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात कडाक्याची भांडणं इथेच आहेत. देशाच्या वायव्येला तुकुमान आणि साल्ता हे शेजारी प्रांत. साल्ताचा एम्पनाडा लहान, त्यात मांसाबरोबर बटाट्याच्या बारीक फोडी, पातीचा कांदा, उकडलेलं अंडं, जिरं, लाल मिरचीची पूड. तुकुमानमध्ये बटाट्याचं नाव काढायचं नाही. तिथे मांस चाकूने बारीक चिरलेलं हवं, खिमा यंत्रातून काढलेलं नको. जुन्या पद्धतीत बरगड्यांवरचा मातांब्रे नावाचा पातळ, चिवट तुकडा आधी शिजवून मग चिरतात. आणि मुरडी तेरा, असा तिथला दंडक. तुकुमान हा लिंबांचा प्रांत, त्यामुळे खाताना वरून लिंबू पिळतात. रस अंगावर सांडू नये म्हणून पाय फाकवून, पुढे वाकून खायचं, ही तिथली रीतच झालेली आहे. याच प्रांतातल्या फामाय्या गावात 1979पासून राष्ट्रीय एम्पनाडा उत्सव भरतो आणि तिथे जिंकणाऱ्या बायकांना प्रांतभर मान असतो.

तुकुमानवाल्यांच्या मते बटाटा म्हणजे मांस पुरवायची युक्ती. साल्तावाले म्हणतात, बटाटा रस धरून ठेवतो. मला विचाराल तर मी साल्ताच्या बाजूने. सारणात बटाटा घातल्याबद्दल माफी मागायची असते, हे मराठी जिभेला पटणं कठीण आहे.

बाकीचे प्रांत भराभर: मेन्दोसात कांदा सढळ हाताने, वर ऑलिव्ह. कोर्दोबाचा गोडसर, आत मनुका आणि भाजल्यावर पारीवर साखर. हुहुयला लामाचं मांस मिळतं. दक्षिणेला पॅटागोनियात मेंढरू. राजधानी ब्वेनोस आयरेसला मात्र या प्रांतिक अस्मितेचं सोयरसुतक नाही. तिथे एम्पनाडे डझनावर, पिझ्झाच्या दुकानातून, फोन करून मागवायचे. हॅम आणि चीज, कांदा आणि चीज, पालक, मक्याची उमिता, चिकन, तिखट मांस, सौम्य मांस, सगळं एका खोक्यात. मग कुठल्यात काय आहे हे कळणार कसं? मुरडीवरून. एकाची वेणीसारखी, दुसऱ्याची काट्याने दाबलेली, तिसऱ्याची दोन्ही टोकं जोडून गोल केलेली, आणि खोक्याबरोबर कधी कधी मुरडींचा तक्ता. हा तक्ता दुकानागणिक बदलतो, त्यामुळे एका दुकानाचं ज्ञान दुसऱ्या दुकानात चालत नाही. अलीकडे बरीच दुकानं सरळ पारीवर अक्षर उमटवतात.

त्या रसामागे काय आहे ते बघू. सारणात कांदा जवळजवळ मांसाइतकाच असतो. तो चरबीत मऊ होईपर्यंत परततात, म्हणजे त्याचं पाणी सुटतं. मग मांस आणि मसाला घालून, मांस पुरतं शिजायच्या आधीच उतरवतात आणि सारण रात्रभर थंड करतात. थंड झालं की चरबी गोठते, रस तिच्यात अडकतो आणि पातळ सारण चक्क चमच्याने उचलता येण्याइतकं घट्ट होतं. असं गार सारण भरायचं आणि लगेच खूप तापलेल्या भट्टीत टाकायचं. बाहेरची पारी झटपट भाजून निघते, तोवर आत रस नुकता वितळतोय. मंद आचेवर ठेवला तर रस आधी सुटतो, पारी भिजते आणि बूड फाटतं. पारीतही मोहन असतं, पारंपरिक पद्धतीत गाईच्या चरबीचं. हे मोहन पिठाच्या कणांवर बसतं, ग्लूटेनला फार ताणू देत नाही आणि पारीला रस चटकन शोषू देत नाही. आपल्याकडे मोहन कमी पडलं की करंजी कडक होते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यापेक्षा जास्त काही सांगायला नको.

हीच कल्पना टोकाला नेली बोलिव्हियाने. तिथल्या साल्तेन्या नावाच्या एम्पनाड्यात रस नसतो, चक्क रस्सा असतो. मांस किंवा चिकन, बटाटा, मटार, ऑलिव्ह, अंडं, मनुका, बोलिव्हियन मिरचीचा गोडसर-तिखट रस्सा. हा रस्सा जनावराच्या पायांच्या हाडांतल्या चिकट अर्काने किंवा जिलेटिनने रात्रभर थिजवतात. वडीसारखं झालेलं सारण साखर घातलेल्या केशरी पारीत भरतात. वेणीसारखी शिवण वर ठेवून तो उभा भाजतात. वडी आत वितळते. खायची पद्धत ठरलेली: उभा धरायचा, वरच्या कोपऱ्याचा छोटा घास घ्यायचा, आधी रस्सा ओढून घ्यायचा, मग बाकीचं. सांडलं की बरोबरचे लोक हसतात.

नाव साल्तेन्या, म्हणजे साल्ताची, पण साल्तात हा प्रकार असा मिळत नाही. सांगतात ती गोष्ट अशी: लेखिका हुआना मान्वेला गोरिती साल्ताची. तिच्या कुटुंबाला राजकारणापायी 1831 साली बोलिव्हियात परागंदा व्हावं लागलं आणि पोटासाठी त्यांनी हे एम्पनाडे करून विकले. “जा, साल्तावालीकडून घेऊन ये,” असं लोक म्हणत आणि नाव चिकटलं. गोष्ट किती खरी ते सोडा, बाई मात्र खरी आणि जबरदस्त. तिचा नवरा मान्वेल इसिदोरो बेल्सू पुढे बोलिव्हियाचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि उतारवयात तिने खंडभरच्या बायकांच्या पाककृती जमवून पुस्तक काढलं. गोंधळ इथे संपत नाही. बोलिव्हियात ‘तुकुमाना’ नावाचा एक एम्पनाडाही मिळतो. तो तळलेला असतो आणि गाडीवर शेंगदाण्याच्या, मिरचीच्या चार-पाच चटण्यांबरोबर खातात. तेव्हा अमेरिकेतल्या एखाद्या पाटीवर ‘साल्तेन्या’ दिसलं, तर दुकान अर्जेंटिनाचं की बोलिव्हियाचं हे आधी बघा. घास घेतल्यावर कळण्यापेक्षा बरं.

चिलेचा पिनो मोठा, पाकिटासारखा चौकोनी दुमडलेला, एकच खाल्ला की पोट भरतं. कांदा भरपूर, मांस, जिरं, लाल रंगापुरती मिरची, अंड्याची फोड आणि एक काळं ऑलिव्ह, बऱ्याचदा बीसकट. दात सांभाळा. 18 सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाला हा नसेल तर चिलेच्या माणसाला सण वाटत नाही. पोमाइरे हे राजधानी सांतियागोजवळचं कुंभारांचं गाव अर्ध्या किलोच्या एम्पनाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. किनाऱ्यावर मात्र तळलेले, चीज आणि कोळंबी-शिंपल्यांचे.

कोलंबियाचा एम्पनाडा लहान, कुरकुरीत, आत बटाटा आणि थोडं मांस, आणि बरोबर कोथिंबीर-पातीचा कांदा-मिरचीची पातळ चटणी, आहि. प्रत्येक घासागणिक चमचाभर ओतायची. अँतियोकिया भागात चर्चबाहेर निधीसाठी एम्पनाडे विकायची जुनी चाल आहे. पोपायान शहरातलं सारण बटाटा आणि भाजलेल्या शेंगदाण्याचं, चटणीही शेंगदाण्याची. माझ्या मते मराठी माणसाने कोलंबियाची सुरुवात इथूनच करावी. हा पदार्थ तिथे किती रस्त्यावरचा आहे ते 2019 साली दिसलं. बोगोतात फुटपाथवरच्या विक्रेत्याकडून एम्पनाडा विकत घेतला म्हणून एका तरुणाला 8,34,000 पेसोंचा दंड झाला, सार्वजनिक जागा अडवायला हातभार लावल्याबद्दल. देशभर संताप आणि विनोद एकदमच उसळले.

व्हेनेझुएलातही मकाच, पण तिथे एम्पनाडा हा सकाळचा नाश्ता. 1960 साली शिजवून वाळवलेलं मक्याचं पीठ, हारिना पान, पाकिटात मिळू लागलं आणि मका कांडायचे कष्ट गेले. काळा घेवडा आणि पांढरं चीज असलेल्याला ‘दोमिनो’ म्हणतात. मार्गारिता बेटावर छोट्या मुशीच्या मांसाचा.

इक्वाडोरमध्ये चीज भरून तळलेला, फुग्यासारखा फुगणारा आणि वर साखर भुरभुरलेला ‘व्हिएंतो’ मिळतो. पेरूत भाजलेल्या एम्पनाड्यावर पिठीसाखर असते आणि वर लिंबू पिळतात. पराग्वेत लोक एम्पनाडा पावाबरोबर खातात, आणि वडापाववाल्या माणसाने त्यावर काही बोलू नये.

स्पॅनिश सत्ता फिलिपिन्समध्येही होती. तिथल्या इलोकोस भागात गहू नाही, तांदूळ आहे, म्हणून पारी तांदळाच्या पिठाची. बाताक गावात ती शेंदरीच्या बियांनी भगवी करतात आणि आत कच्ची पपई, मूग, स्थानिक सॉसेज आणि एक अख्खं अंडं फोडून घालतात. तळून, आंबट व्हिनेगरबरोबर. गोव्यात पोर्तुगीज होते, स्पॅनिश नव्हते, त्यामुळे गोव्यात भेटते ती एम्पादिन्या: वाटीच्या आकाराची, झाकण लावलेली छोटी ‘पाय’ (pie). अर्धगोल आकार हवा असेल तर समारंभातला कोळंबीचा रिसॉइस. दोन्ही उत्तम, पण त्यांना एम्पनाडा म्हणून खाऊ नका.

मग शोधायचं कसं? पहिली गोष्ट म्हणजे वस्ती. बोलिव्हियाचा साल्तेन्या हवा असेल तर उत्तर व्हर्जिनिया, आर्लिंग्टनच्या आसपास. तिथे बोलिव्हियाची मोठी वस्ती आहे आणि मराठी घरंही कमी नाहीत. व्हेनेझुएलाचा हवा तर मायामीजवळचं दोराल, ज्याला लोक थट्टेने दोरालसुएला म्हणतात. अर्जेंटिनाचा हवा तर उपाहारगृहापेक्षा त्यांचं खाटकाचं दुकान किंवा बेकरी शोधा. क्वीन्समध्ये एल्महर्स्टला अशी जुनी वस्ती आहे. खाटकाकडे चांगलं मांस आणि चरबी हाताशी असते, आणि गोठवलेले कच्चे एम्पनाडेही तिथे मिळतात, जे घरी भाजले की दुकानातल्या गार झालेल्यांपेक्षा बरे लागतात.

दुसरी गोष्ट वेळ. साल्तेन्या सकाळी दहा ते दुपारपर्यंतचा, संध्याकाळी मिळाला तर तो उरलेला. व्हेनेझुएलाचा सकाळी. कोलंबियाचा कधीही, पण कढईतून निघताना. काचेच्या पेटीत दिव्याखाली ठेवलेला मक्याचा एम्पनाडा अर्ध्या तासात चिवट होतो. चिलेचा रविवारी, आणि सप्टेंबरात तर नक्कीच.

मग खुणा. भाजलेल्याचं बूड उलटून बघा. कोरडं आणि तपकिरी ठिपक्यांचं हवं. मुरडी अगदी एकसारख्या दिसल्या तर यंत्राच्या असण्याची शक्यता जास्त. आत मांसाचे तुकडे वेगळे दिसायला हवेत, लगदा नको. अर्जेंटिनाच्या म्हणवणाऱ्या ठिकाणी एम्पनाड्याबरोबर चिमिचुरीची वाटी आली तर मी थोडा सावध होतो. ती चटणी तिकडे निखाऱ्यावरच्या मांसाची सोबतीण. आणि दुकानदाराला “चांगला कुठला?” विचारू नका, “तुमच्या गावचा कुठला?” विचारा. बहुतेक वेळा पाटीवर नसलेला एखादा प्रकार आतून बाहेर येतो.

हे सगळं बव्हंशी गोमांसाचं जग आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल. न खाणाऱ्यांसाठी अर्जेंटिनाचे उमिता, कांदा-चीज आणि पालकाचे, इक्वाडोरचे चीजचे, व्हेनेझुएलाचा दोमिनो. पण सारण शाकाहारी असलं तरी मैद्याच्या पारीत गाईची किंवा डुकराची चरबी असू शकते, तेव्हा विचारून घ्या. विचारताना एक सांभाळा: ‘मांतेका’ म्हणजे अर्जेंटिनात लोणी, पण स्पेनमध्ये आणि कोलंबियात डुकराची चरबी. मक्याच्या पारीत सहसा चरबी नसते, मात्र तळणीचं तेल मांसाच्या एम्पनाड्यांचंच असतं.

पुण्या-मुंबईत यातलं फारसं काही सापडणार नाही, तेव्हा घरी करणं उत्तम. अर्धा किलो मैद्याला शंभर ग्रॅम तूप किंवा लोणी आणि साधारण दोनशे मिली कोमट मिठाचं पाणी. मळून तासभर झाकून ठेवा. मटण चाकूने चिरा, तेवढाच कांदा, जिरं भारतातलंच चालतं, रंगासाठी काश्मिरी मिरची. साल्तेन्याचा रस्सा थिजवायचा असेल तर मटणाच्या पायांचं सूप दाट आटवा, फ्रिजमध्ये ते आपोआप थिजतं. सारण रात्रभर गार, भरताना पुन्हा गार, भट्टी 230 अंश आणि पंधरा-वीस मिनिटं. उरले तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पारी रबरासारखी होते. 180 अंशांवर दहा मिनिटं पुरतात.